बाराची नोंद

पुरुषांच्या वॉर्डातल्या मदतनीस बाईला सगळे मावशीच म्हणत. एकोणीस वर्षं तिचं तेच काम. रुग्णांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, चालताना धरायचं, आणि दर दोन तासांनी ताप, नाडी, रक्तदाब, श्वास मोजून खाटेच्या पायथ्याशी लावलेल्या तक्त्यावर लिहायचं. श्वास मोजायचा म्हणजे छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर उभं राहायचं. नव्या मुलींना ती बजावायची, "आकडा मनाने लिहायचा नाही. जमलं नाही तर रकाना कोरा ठेवा, आणि सिस्टरला जाऊन सांगा."

त्या दिवशी तिची जोडीदारीण रजेवर होती. चोवीस खाटा एकटीच्या गळ्यात पडल्या होत्या. बाराच्या सुमारास ती चार नंबरपाशी आली. तिथे एक म्हातारे शिंपी होते, आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेले. त्यांची बायको शेजारी स्टुलावर बसली होती.

"आत्ताच डोळा लागलाय हो त्यांचा," काकू हळूच म्हणाल्या. "नका ना उठवू."

तेवढ्यात समोरच्या खाटेवरचे आजोबा कठड्यावरून एक पाय बाहेर टाकून उतरायला लागले. मावशी धावली. त्यांना सावरून, ओली चादर बदलून, सलाईनची नळी सोडवेपर्यंत अर्धा तास गेला. अजून वीस खाटा व्हायच्या होत्या. परत येऊन तिने चार नंबरचे दहाचे आकडे पाहिले आणि बाराच्या रकान्यात त्यांच्याच आसपासचे उतरवले. नाडी चौऱ्याऐंशी, श्वास अठरा. शिंपीकाका भिंतीकडे तोंड करून निजले होते. तिने त्यांना हातही लावला नाही.

पावणेदोनला काकूंची हाक आली. काकांचं अंग गार पडलं होतं, कपाळ घामाने डबडबलं होतं, ओठ पांढरेफटक. मावशीने डॉक्टरांना बोलावणं धाडलं. पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. साडेतीनला ते ऑपरेशनच्या टेबलावरच गेले.

"बाराला सगळं ठीक दिसतंय," तक्ता बघत डॉक्टर म्हणाले. "म्हणजे एकाएकी झालं. आपल्या हातात काही नव्हतं."

मोठ्या सिस्टरांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "नोंद होती म्हणून वाचलो, बाई."

मावशी तक्ता जागेवर अडकवून बाहेर आली.

काकू बाहेर बाकावर नवऱ्याचा चष्मा हातात घेऊन बसल्या होत्या. मावशीला पाहून म्हणाल्या, "मीच म्हटलं ना, उठवू नका. माणूस जात होता आणि मी म्हणत होते, झोपलाय." मग चष्म्याची काडी मिटत, "पण बाराला तुम्ही बघितलंत ना? तेव्हा ठीक होते ना?"

हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. मावशी त्यांच्यापुढे जमिनीवरच बसली.

"नाही बघितलं, काकू. मनाने आकडे लिहिले."

"मी नको म्हटलं म्हणून?"

"नाही. तुम्ही नको म्हणालात तरी मला उठवायचंच असतं. ते माझं काम होतं. तुमचा काही दोष नाही यात."

चष्मा पिशवीत टाकून काकू उठल्या आणि जिन्याकडे गेल्या.

मावशीने तसंच मोठ्या सिस्टरांकडे जाऊन लिहून दिलं. "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस?" त्या म्हणाल्या. "आता काय, गेलेला माणूस परत येणार आहे?" तरी कागद त्यांनी पुढे पाठवला.

चौकशीत डॉक्टरांना विचारलं, बाराला कळलं असतं तर ते वाचले असते का. "कदाचित," डॉक्टर म्हणाले.

काकूंनाही बोलावलं होतं. "हिने आपणहून सांगितलं, नाहीतर मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "तेही लिहून घ्या. पण हिला परत कुठल्या माणसाच्या उशाशी उभी करू नका."

पुढच्या आठवड्यापासून मावशीला तळघरातल्या धुलाईखान्यात नेमलं. तिथे ती रबरी मोजे चढवून रक्ताच्या चादरी वेगळ्या काढते. दुपारी वरून वॉर्डातल्या मुली गाठोडी आणून टाकतात. ती एकेक चादर मोजते आणि मगच आकडा वहीत लिहिते.