दोष आढळला नाही

डिकीतला गालिचा उचलून योगेशने डाव्या कोपऱ्यातल्या बोल्टला बोट लावलं, आणि बोल्ट हलला. पान्याची गरजच नव्हती. दीड कोटीची विजेवरची गाडी, परदेशातल्या कारखान्यात यंत्रांनी जोडलेली, आणि तिच्या अर्थिंगचा बोल्ट नुसत्या बोटाने हलतो! योगेशने तो दोनदा हलवून बघितला, बरं वाटलं म्हणून तिसऱ्यांदा हलवला आणि गालिचा होता तसा दाबून बसवला. मग टॅबवर जॉब कार्ड उघडून एक ओळ टाकली. ओळ इंग्रजीत होती, पण तिचा अर्थ एवढाच, की दोष आढळला नाही.

ही चौथी खेप. चारही खेपांना तीच ओळ.

गाडी भारतशेठची. नाशिकच्या कॉलेज रोडवर ज्यांचं पैठण्यांचं तीन मजली दुकान आहे, त्या भारतशेठची. गाडीला तीन वर्षं होत आली होती आणि दिसायला ती अजून कोरी करकरीत होती. पण उभी असताना अचानक मरायची. सिग्नलला थांबली की समोरचा पडदा काळा, काचा बंद, दारात सपाट मिटून बसणारी हँडलं आतल्या आतच. बॅटरी ऐंशी टक्के भरलेली आणि गाडी ठार. दहा मिनिटांनी आपोआप जागी व्हायची आणि काही झालंच नाही असा आव आणायची. वर्कशॉपमध्ये कम्प्युटरला जोडली की सगळे दिवे हिरवे. तिथे ती एकदाही रुसली नाही.

योगेशला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पान्याचा पाव फेरा दिला असता तर भारतशेठ पुन्हा या दारात दिसले नसते. पण त्याला ते दारात दिसायला हवे होते. काचेपलीकडे काउंटरवर मोहिनी गिऱ्हाइकांना जॉब कार्ड समजावून द्यायची. ती गोड आवाजात ती ओळ वाचायची आणि भारतशेठचा चेहरा उतरायचा. दुसऱ्या खेपेला ते चिडले होते. तिसऱ्या खेपेला द्वारका चौकात गाडी मेली, बायको आत, मागे शंभर हॉर्न, तेव्हा ते अक्षरशः हातापाया पडल्यासारखे बोलले, की अहो, आम्ही दोघांनी बघितलंय. या चौथ्या खेपेला नुसतं कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिले. योगेशने गाड्या उचलायच्या लिफ्टच्या आडून सगळं डोळे भरून पाहिलं.

आता म्हणाल, एवढा डूख धरायला झालं काय होतं? तर चौदा वर्षांपूर्वी योगेश आयटीआयला होता आणि त्याची आई, मैनाबाई, येवल्यात पैठणी विणायची. शेतकऱ्याच्या घरातली बाई. लग्नानंतर शेजारणीच्या मागावर बसून शिकली, आणि हात असा बसला की तिची पैठणी पालथी टाकली तरी सुलटी बाजू कुठली हे कुणाला सांगता यायचं नाही. अकरा महिने बसून तिने एक विणली. जांभळी, पदरावर बांगडी मोर. भारतशेठनी ती ओसरीत पसरली, चष्मा कपाळावर चढवला, मोराच्या गळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, खोट आहे. कसली, ते सांगितलं नाही. खोटीचा माल म्हणून पडत्या भावात उचलली आणि गेले.

गावभर झालं, की मैनाबाईचा हात गेला. बाकीचे व्यापारी दुसऱ्या घराकडे वळले. तेही सोसलं असतं, पण आईनेच ते मनाला लावून घेतलं. भाकरी थापताना मध्येच थांबायची. बोटं हवेत हलवायची. मोराच्या गळ्यातला एकेक धागा आठवायची आणि आपण नेमकं कुठे चुकलो ते शोधायची. विचारलं तर म्हणायची, शेठची नजर हाय, त्यांना दिसलं म्हणजे असंलच. वर्षभरात ती मागावरून उठली ती उठलीच. पुढे दुसऱ्यांच्या मागांसाठी रहाटावर धाग्याच्या कांड्या भरून द्यायचं काम तेवढं तिने ठेवलं.

आणि ती पैठणी कुठे गेली? तर हलकटपणा बघा, ती भारतशेठच्या दुकानात काचेच्या पेटीत लावलेली! विकायची नाही, फक्त दाखवायची. स्वतःच्या लग्नाच्या शालूसाठी योगेश तिथे गेला होता तेव्हा त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. भारतशेठ एका कुटुंबाला सांगत होते, हिच्यात एक धागा चुकलेला दाखवा आणि दुकानातली हवी ती साडी घेऊन जा. योगेश शालू न घेताच बाहेर पडला. हे उट्टं काढायचंच, हे त्याने तिथल्या पायरीवर ठरवलं. कसं ते तेव्हा माहीत नव्हतं. मग एका सकाळी ती गाडीच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

पाचव्या खेपेला भारतशेठ काउंटरवर थांबलेच नाहीत. गिऱ्हाइकांना आत यायची बंदी असते, मोहिनी मागून सर, सर करत राहिली, पण ते सरळ लिफ्टपाशी आले. वाळले होते. त्या महिनाअखेर गाडीची वॉरंटी संपत होती, आणि त्याआधी दोष कागदावर आला नाही तर कंपनी हात झटकणार होती. त्यांनी योगेशच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. मग चेहरा वाचला.

"मैनाबाईचा मुलगा ना तू?"

योगेशने हातातला पाना खाली ठेवला.

"मला मागच्या वेळीच शंका आली होती," भारतशेठ म्हणाले. "दोष तुला सापडलाय. पहिल्या दिवशीच सापडला असणार."

"मशीनमध्ये काही दिसत नाही, शेठ."

"मशीनचं नको सांगू. तू कार्ड काउंटरवर पाठवतोस आणि आडून बघत उभा राहतोस. आयुष्यभर मी असाच साड्या परत देत आलो आणि बायांची तोंडं बघत आलो. ते बघणं मी ओळखतो."

योगेशची कानशिलं तापली. पकडलं गेल्याची लाज नव्हती ती. या माणसाने त्याला आपल्या ओळीत बसवलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं, याची होती.

भारतशेठनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. सौदा मिटवताना आणतात तसा.

"तिच्या पैठणीत खोट नव्हती. तेव्हाही मला माहीत होतं. झालं समाधान? आता काय आहे ते लिही."

चौदा वर्षं ज्या वाक्यासाठी योगेश जळत होता ते असं पुडीत बांधून हातावर ठेवलं गेलं. त्याला ते घ्यावंसं वाटेना.

"मला सांगून काय उपयोग," तो म्हणाला. "तिला सांगा. येवल्याला चला, तिच्या तोंडावर सांगा. परत आलो की लिहितो."

अधूनमधून येणाऱ्या तक्रारीसाठी गिऱ्हाइकाबरोबर लांबची टेस्ट ड्राइव्ह घ्यायची पद्धत होती. योगेशने मोहिनीकडे तशी नोंद करायला सांगितलं. तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि काही न विचारता नोंद केली.

निफाड मागे पडेपर्यंत फक्त छताची काच बोलत होती. खड्डा आला की कट्, खड्डा आला की कट्.

"हे तुला ऐकू येतं?" रस्त्यावरून नजर न काढता भारतशेठनी विचारलं.

"येतं."

"बायको म्हणते मला भास होतात. मुलगा म्हणतो बाबा, आता गाडी चालवू नका. दुकानातसुद्धा हल्ली साडी हातात घेतली की वाटतं, मला दिसतंय ते खरंच आहे का?"

योगेशने खिडकीबाहेर बघितलं. हेच तर त्याला हवं होतं. नेमकं, तंतोतंत हेच. मग गंमत का येत नव्हती, ते त्याचं त्यालाच कळेना.

विंचूरच्या चौफुलीवर कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गाडी थांबली, आणि मेली. पडदा काळा झाला. थंड हवा बंद झाली. भारतशेठनी काचेचं बटण दाबलं, दार ढकललं, काही हललं नाही. आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला.

"बघ! झालं की नाही? तुझ्यासमोर झालं!"

"झालं," योगेश म्हणाला.

आनंद पाचेक मिनिटं टिकला. एप्रिलचं ऊन काचेच्या छतातून सरळ डोक्यावर येत होतं. भारतशेठनी शर्टाची वरची बटणं सोडली. मग तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागले. पुन्हा दार ढकललं, काचेवर मूठ आपटली. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने कौतुकाने या महागड्या गाडीकडे बघून हात हलवला. वीज नसतानाही दार उघडावं म्हणून आतल्या कप्प्यात एक साधी खिटी असते. ती कुठे आहे हे भारतशेठना कुणी सांगितलं नव्हतं. योगेशला ती झोपेतही सापडली असती. तो पुढच्या ट्रॉलीतले कांदे बघत बसला.

"अरे, काहीतरी कर की रे," भारतशेठ म्हणाले. आवाजात शेठपणा उरला नव्हता. सत्तरीकडे झुकलेला, घामाने भिजलेला एक घाबरलेला म्हातारा होता तो, आणि योगेशला आणखी थोडा वेळ बसून राहायचं होतं. बसलाही. मग त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने हात लांब करून खिटी ओढली आणि दार उघडलं.

खिटी इतका वेळ तिथेच होती, हे भारतशेठनी बघितलं. गाडी जागी झाल्यावर पुढचा रस्ता त्यांनी काचा उघड्या ठेवून तोडला.

मैनाबाई ओसरीत रहाट फिरवत कांड्या भरत होती. जवळच ठेवलेल्या मोबाइलवर कुणाचं तरी कीर्तन चालू होतं, ते तिने बंद केलं. उठली नाही. बसा शेठ, एवढंच म्हणाली. शेजारच्या घरातून चहा आला. भारतशेठनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. वाटेत त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं असावं, कारण ते एका दमात बोलले.

"मैनाबाई, त्या जांभळ्या पैठणीत खोट नव्हती. मी भाव पाडायला तसं म्हणालो. तुमचं काम चोख होतं."

रहाट थांबला. योगेशने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं, निदान आलं तर बरं होईल असं वाटलं होतं. तिने बोटाला गुंडाळलेला धागा सावकाश सोडवला.

"व्हती," ती म्हणाली.

"काय?"

"खोट व्हती, शेठ. फक्त मोराच्या गळ्यात नव्हती. तुम्ही बोट भलतीकडंच ठिवलं."

भारतशेठ हसले. कुणी साथ दिली नाही म्हणून थांबले.

"कसं शक्य आहे? चौदा वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर आहे. हजारो लोकांनी बघितलीय."

"बघितली असंल. नीट बघितली की दिसती."

"पण कुठे? पदरात? काठात?"

"आता तुमच्या नजरंला म्या काय सांगावं," मैनाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. चार बायका दळणाला जाताना बोलतील तसं ती बोलत होती.

भारतशेठनी चहाचा कप जमिनीवर ठेवला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढला. ज्या नजरेवर तीन मजले उभे होते ती या घडीला ओसरीच्या मातीवर काहीतरी शोधत होती. मग ते उठले. निरोप घेतला नाही, योगेशला चल म्हणाले नाहीत, जॉब कार्डाचं नावही काढलं नाही. योगेश मागोमाग गेला आणि सांगायला लागला, की शेठ, डिकीच्या गालिच्याखाली डावीकडे बोल्ट आहे, दोन मिनिटं थांबा, आवळून देतो. पण त्यांनी गाडी वळवली होती. नाशिकच्या दिशेने ती इतक्या घाईत गेली, की गल्लीतली कोंबडी भिंतीवर चढली.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून योगेशने तिथेच उभं राहून मोहिनीला मेसेज पाठवला. अर्थिंगचा बोल्ट सैल, टेस्ट ड्राइव्हमध्ये दोष आढळला, गाडी परत आली की आधी तो बघायला लाव. मग तो ओसरीत येऊन आईशेजारी बसला. तिने पुन्हा रहाट सुरू केला होता.

"आई, खरंच होती? कुठे होती गं?"

तिने भरलेली कांडी काढून टोपलीत टाकली आणि रिकामी घेतली.

"चौदा वरसं म्या शोधली," ती म्हणाली. "आता त्याला शोधू दे."