कप्तानाचे न भाजलेले हात

माझ्या कप्तानाने बावीस पुस्तकांत एकदाही मार खाल्लेला नाही. पूर आला, पूल तुटला, विमानाने हवेतच जीव सोडला, तरी पठ्ठ्याच्या केसालाही धक्का नाही. वर कपडे झटकून दुसऱ्यांना धीर देतो. मला त्याचा केवढा अभिमान! प्रकाशकाने मात्र गेल्या महिन्यात तेविसाव्या पुस्तकाची सुरुवात परत पाठवली. वाचकांना आता त्याची काळजीच वाटत नाही, म्हणाला. एकदा तरी त्याला अडकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी त्याला वाचवू द्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण आठ दिवस कागद फाडल्यावर कळलं, कप्तानाला वाचवेल असं माणूसच मी आजवर लिहिलेलं नव्हतं.

तसं माणूस खालच्या मजल्यावर राहत होतं. माझी ताई मुद्रितशोधक आहे. माझं प्रत्येक पुस्तक छापायला जाण्याआधी तीच डोळ्यांत तेल घालून तपासते. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे व्रण आहेत. मी सहा वर्षांचा होतो, ती बारा. आईबाबा कामावर गेलेले असताना स्टोव्ह भडकला आणि स्वयंपाकघराचे पडदे पेटले. मी टेबलाखाली लपलो होतो. तिने मला ओढून बाहेर काढलं.

हाच प्रसंग मी पहिल्या पुस्तकात कप्तानाच्या नावावर खपवला. तेव्हा ताईने एवढंच विचारलं होतं, त्याचे हात भाजले नाहीत का? नायक आहे तो, म्हणत मी हसलो होतो. ते हसू आठवलं की आता मला माझीच लाज वाटते. मी तिची कामगिरी चोरली, आणि चोरीचा माल तपासायलाही तिलाच दिला.

या वेळी भरपाई करायची ठरवली. कप्तान आगीत बेशुद्ध पडतो आणि बारा वर्षांची एक मुलगी जराही न डगमगता ज्वाळांत शिरून त्याला फरफटत बाहेर आणते. प्रकरण ताईसमोर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलो. खरं सांगायचं तर मला शाबासकी हवी होती.

ओळीखाली पट्टी सरकवत तिने सगळं वाचलं. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. मग ‘जराही न डगमगता’ या शब्दांखाली पेन्सिल टेकवून ती थांबली.

“ही मी नाही,” ती म्हणाली. “मी पळाले होते.”

मला काही कळेना.

“स्टोव्ह भडकल्यावर तुला आत सोडून पळाले. जिना उतरून रस्त्यावर गेले. तू हाका मारत होतास, तरी खालीच उभी राहिले. किती वेळ, ते नाही सांगता येणार. मग वर आले. लगेच आले असते तर पडदे पेटलेही नसते.”

चाळीस वर्षं हे पोटात ठेवून ती माझे स्वल्पविराम सुधारत बसली होती. हे मला कधीच का नाही सांगितलंस, असं मी विचारलं.

“तुला कसं सांगू?” तिने माझ्याकडे न बघता पान उलटलं. “घाबरलेलं एक तरी चांगलं माणूस तुझ्या पुस्तकांत आहे का?”

मी बावीसच्या बावीस पुस्तकं मनातल्या मनात चाळली. एकही नव्हतं.