चीज धरलेला संत

उस्ताद मेला आणि पुढच्याच सोमवारी कामावर हजर झाला. जिवंतपणी सोमवारी तो कधी फिरकला नव्हता.

चर्चच्या मोठ्या दाराभोवती आम्ही दगडी संत कोरत होतो. एक कोनाडा तेवढा रिकामा होता. दुपारची घंटा झाली की उस्ताद त्यात उभा, नजर कुणावरच नाही. दोन्ही हातांत जात्याएवढी चीजची चकती. मजुरांच्या जेवणासाठी ती परांचीवर चढवताना दोर तुटला होता आणि ती नेमकी त्याच्या टाळक्यात बसली होती.

त्याचंही बरोबर होतं. जन्मभर त्यानं हेच कोरलं. छळताना जे वापरलं, तेच संताच्या हातात द्यायचं. कॅथरीनला चाक. लॉरेन्सला ती लोखंडी जाळी, जिच्यावर त्याला भाजलं. अपोलोनियाला दात उपटायची पक्कड. मेल्यावर असंच उभं राहायचं असतं, अशी त्याची समजूत.

गवळणींना ओळख पटायला वेळ लागला नाही. गाई आटू नयेत म्हणून त्या त्याला नवस बोलू लागल्या. फादर आँसो चिडले.

"रोमला विचारल्याशिवाय कुणी संत होत नसतो!"

"मग तुम्हीच सांगा त्याला," मी म्हणालो, "माझं त्यानं कधी ऐकलं नाही."

फादरांनी मंतरलेलं पाणी शिंपडलं. चीज ओलं झालं.

खरा घोर होता त्याच्या बायकोला, ओडिएर्नला. रविवारी त्या कोनाड्यात लॉरेन्स बसणार होता, मागे शिसं ओतून. तोवर उस्ताद हलला नाही, तर मूर्ती आणि भिंतीच्या मध्ये कायमचा चिणला जाणार.

"भावजी, काहीतरी करा. जिवंत होते तेव्हा घटकाभर घरात ठरत नव्हते. त्यांना दगडात कोंडता?"

"हातातलं काढून घेतलं की सुटेल तो, वहिनी."

"मग घ्या की. वाट कसली बघताय?"

"शिडी लावून ओढून पाहिलं. मला देत नाही. तुम्हाला देईल, पण..."

"पण काय?"

"आमच्याकडे सगळ्या संतांचा चेहरा एकच. नाक तेच, दाढी तीच. हातात काय आहे ते बघून लोक नाव घेतात. उस्तादाचा चेहराही आता तसाच झालाय. चीज गेलं की तो कोण, हे कुणाला कळायचं नाही. तुम्हालाही."

"इतकी वर्षं त्यांचं घोरणं ऐकलंय मी," ती म्हणाली. "विसरतेय कसली!" मग तिनं वर कोनाड्याकडे पाहिलं. "आणि विसरले तर विसरले. ते सुटूदेत."

शनिवारी दुपारी ती शिडी चढली. मी खाली शिडी धरून होतो.

"आणा इकडे," ती हळूच म्हणाली. "हात भरून आले असतील तुमचे."

उस्तादानं पहिल्यांदाच कुणाकडे तरी पाहिलं. चकती तिच्या हातांत दिली. रिकामे हात काही वेळ तसेच पुढे राहिले. मग कोनाडाच राहिला.

ती चीज उराशी धरून खाली आली, पायरीवर बसली.

"भावजी, वर कोण होतं?"

"तुमचा नवरा."

"नाव काय त्यांचं?"

मी तोंड उघडलं. त्याच्या हाताखाली शिकलो मी. छिन्नी कशी धरायची ते आठवलं. शिव्या तर सगळ्या आठवल्या.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

सगळ्यांना विचारलं. गवळणी म्हणाल्या, कुठला संत? फादरांनी तर माझंच नाव सांगितलं.

रविवारी लॉरेन्स बसला. शिसं नीट भरलं, मागे कुणी नव्हतं.

ओडिएर्ननं ते चीज कापलेलं नाही. उराशी असलं की तिला रडू येतं. खाली ठेवलं की आपण कुणासाठी रडत होतो, ते आठवत नाही. म्हणून ती ते खाली ठेवत नाही. एका हातानं चूल पेटवते, त्याच हातानं सूप ढवळते.

काल म्हणाली, "भावजी, जरा धरता का? केस विंचरून घेते."

मी हात मागे घेतले.