मेंढोबाच्या गालातला घास

मित्रांनो, मी एक जुना मेंढा. गवत मी कधी खाल्लं नाही. आणि माझ्या पोटात आतडी नव्हती, एक माणूस होता. त्याचं नाव बिरदेव.

कोरेगावच्या रस्त्यावर एक थीम पार्क आहे. तिथल्या जेवणाच्या हॉलसाठी राहीबाई नावाच्या शिवणाऱ्या बाईने मला घडवलं. फोमचं डोकं, खोट्या लोकरीचं अंग, वेटोळी शिंगं. डोळे म्हणजे नुसती बटणं. आतला माणूस बघायचा तो माझ्या तोंडाच्या जाळीतून. शिवून झाल्यावर राहीबाईने मला मांडीवर घेतलं आणि जाळीच्या कडेला फट ठेवून उजव्या गालात आतून एक लहानशी कापडी पिशवी टाचली.

"जेवणाऱ्यांत फिरायचं हाय ह्याला," ती म्हणाली. "पोरं भरवल्याबिगर ऱ्हाणार न्हाईत. अन्न पायदळी पडू नये."

बिरदेव माण तालुक्यातला. गावचे गडी हमालीला मुंबईला गेले, हा मागे राहिला. सोबती चिडवायचे, "मेंढरं राखायची सोडून मेंढाच झालास व्हय रं?"

"हमालीपरीस बरं की," तो म्हणायचा. "शिंगं हायत, लोकर हाय, आन लोक जेवायला बोलावत्यात."

मेंढरांत वाढलेला तो. थबकायचं कसं, मान वाकडी करून वास कसा घ्यायचा, सारं त्याच्या अंगात होतं. दुपारी बारा वाजता आम्ही टेबलाटेबलाशी जायचो. आतून बोलायचं नाही, हा नियम. एखादं पोर घास पुढे करी, जाळी झाकली जाई, आणि तेवढ्यापुरतं बिरदेवाचं सगळं जग भाकरीच्या तुकड्याएवढं होई. घास गालात पडला की पोर "मेंढोबा, मेंढोबा" म्हणत टाळ्या पिटी. पंगत उठल्यावर बिरदेव पिशवी चिमण्यांपुढे उलटी करी.

सांगलीकडची लहानगी ब्राह्मी दर वाढदिवसाला यायची. घर जैनाचं. दिवस मावळला की त्या घरात कुणी घास तोंडात घालत नाही. तिची आई सुंदरी घरून पोळीचा डबा आणायची आणि तिला भरवताना गुणगुणायची:

*पयला घास मेंढोबाचा, डोंगरात चरणाऱ्याचा;*
*दुसरा घास ब्राह्मीबाईचा, अंगणात खेळणारीचा.*

मी खाल्ल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. मी खाल्लं की मात्र ती डबा पुसून खायची.

मग पार्कचे दिवस पालटले. नवे साहेब आले. मेंढ्याचं जेवणाऱ्यांत फिरणं बंद झालं. संध्याकाळी साडेसातला रंगीत दिव्यांत स्टेजवर उभं राहायचं, पुढे दोरी, दोरीपलीकडून फोटो.

"साहेब, आन घास?" बिरदेवाने विचारलं.

"घासबीस काही नाही आता. हात लावायचा नाही कुणी."

त्या वर्षी ब्राह्मी आली ती आजोबांचं बोट धरून. धन्यकुमार त्यांचं नाव, ती त्यांना अण्णा म्हणे. मी हॉलमागच्या खोलीत खुंटीवर होतो, बिरदेव माझी शिंगं पुसत होता. पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं.

"आवं साहेब, मेंढा कवा येतोय?"

"साडेसातला, आजोबा."

"आमी उजेडात जेवतो. पोरीची आई गेली माघात. तवापास्नं ही पोटभर जेवली न्हाई बघा. हितं तरी जेवंल म्हणून आणली."

बिरदेवाचा हात थांबला. तो उठून साहेबांकडे गेला आणि तसाच परत आला. "एकाला सोडलं की सगळे मागतील म्हणं," तो मला म्हणाला आणि खाली बसला. मित्रांनो, मला स्वतःचे पाय नाहीत. असते तर मी एकटा गेलो असतो.

"मेंढोबा पयला," भिंतीपलीकडे ब्राह्मी म्हणत होती. अण्णांनी विनवलं, आकाशपाळण्यांकडे नेऊन आणलं. घरून आणलेल्या डब्यातली पोळी तशीच राहिली. ऊन उतरलं. दिवस मावळला.

साडेसातला दिवे लागले आणि आम्ही स्टेजवर गेलो. ब्राह्मी दोरीशी उभी होती, दोन बोटांत पोळीचा घास धरून.

"आता आपल्याला चालत न्हाई, बाळ," अण्णा म्हणाले.

"मला न्हाई, अण्णा. त्याला. त्याला भूक लागली आसंल."

बिरदेवाने दोरी ओलांडली. साहेबांची हाक आली, तो थांबला नाही. तिच्यापुढे गुडघे टेकून त्याने माझी मान वर केली, काळ्या आभाळाकडे. मग माझा खूर माझ्याच तोंडावर धरला आणि मान हलवली. नाही.

ब्राह्मी आभाळाकडे बघत राहिली. "अण्णा," ती हळूच म्हणाली, "ह्याला बी रातीचं चालत न्हाई."

तिने घास माझ्या गालात ठेवला. वरून थोपटलं. "सकाळी खा हां. दिवस उगवला की तू पयला. मग मी."

आत बिरदेव मुक्याने रडत होता. माझ्या गळ्याचं फोम ओलं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. जाताना मला भेटूही दिलं नाही. आता स्टेजवर हवेने फुगणारे मेंढे डुलतात. त्यांना तोंड आहे, पण ते उघडत नाही. मी पत्र्याच्या खोलीत, जुन्या खुर्च्यांखाली. एक शिंग उंदरांनी नेलं. त्याचं मला काही वाटत नाही, मित्रांनो. जुन्या वस्तूंचं असंच होतं. पण कुणी घास हातात धरून तुमची वाट बघत असेल, तर त्याला घड्याळ दाखवू नका. उठा आणि जा. दुपारीच जा.

माझी पिशवी त्या संध्याकाळपासून कुणी उलटी केली नाही. अर्धा घास मुंग्यांनी नेला, अर्धा वाळून खडा झालाय. रोज सकाळी पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक ठिपका येतो आणि बरोबर माझ्या गालावर बसतो.

सांगलीकडे गेलात आणि ब्राह्मी भेटली, तर तिला हे सारं सांगू नका. एवढंच सांगा, की दिवस उगवल्या उगवल्या मेंढोबाने तुझा घास खाल्ला. आता तुझी पाळी.