दोन दिवसांचं पानी

शेतकीचे लोक गावात आले का मलेच पुढं करतेत. "पुष्पाबाई, एकरी आठ पोते होनारा धान अठरा पोत्यांवर गेला कसा, सांगा." मी बियान्याचं सांगते, खताचं सांगते, दोरी धरून रोवना, म्हनजे धानाची लावनी, केली ते सांगते. ते लिहून घेतेत, चहा पितेत, जातेत. पन खरी गोष्ट सत्यभामाकाकीची आहे. मी ती सांगाले लागली का मले रडू येते, आन साहेब लोकायसमोर रडाले मले आवडत नाही. म्हनून तुमाले सांगते.

ऐंशी सालची गोष्ट. आमचं गाव सानगडीपासून दोन कोसावर. जमीन म्हनाल तं दीड एकर, तीही एकाच जागी. त्यात जो धान होईन त्याचाच तांदूळ वर्षभर खायचा, दुसरा आधार नाही. आमचे हे, म्हनजे जागेश्वर, गरीब स्वभावाचे. कोनी शिवी दिली तरी "असू दे ना" म्हननारे. त्यायच्या वाटनीचा सगळा राग देवानं मलेच देऊन टाकला.

त्या साली मिरग लागाच्या आधी शेतकीचे मधुकरराव सायकल हानत गावात आले. संगं नव्या धानाची थैली. बुटका धान, चार महिन्यांच्या आत तयार होते, खत दिलं तं दुप्पट पिकते, असं ते चावडीवर सांगत होते. आमच्या गावचा धान भारी, म्हनजे पाच महिने घेनारा. सगळे मान हलवत होते, पन थैलीले कोनी हात लावे ना. आमच्या शेताशेजारचा खुशाल म्हने, "साहेब, पह्यले तुमी तुमच्या आंगनात लावून पाहा!" आन सगळी चावडी खदाखदा हसली. तो बिचारा भर उन्हात एवढ्या दुरून आला होता, आन हे दात काढून राहिले होते. मले रागच आला.

"द्या इकडं. आमी लावतो," मी म्हटलं.

मधुकरराव खूश झाले. म्हने, "बाई, पह्यले अर्ध्याच एकरात लावा." पन खुशाल हसला होता ना! "लावीन तं पूर्न दीड एकर," मी म्हटलं, "आमची बांधी रस्त्याले लागून आहे, येता-जाता सगळ्यायले दिसन." आमचे हे माह्याकडं पाहातच राहिले. घरी आल्यावर एवढंच म्हनाले, "पुष्पे, वर्षाचा तांदूळ आहे तो."

आता आमच्याकडची पान्याची रीत समजून घ्या, नाहीतं पुढचं समजनार नाही. बांधी म्हनजे चारी बाजूनं धुरे, म्हनजे मातीचे बांध, घातलेला धानाचा तुकडा. तलावाचं पानी आमच्याकडं पाटानं येत नाही. वरच्या बांधीत भरलं का तिच्या धुऱ्याचं तोंड फोडायचं, ते खालच्या बांधीत जाते, तिथून आनखी खाली. आमच्या ओळीत सगळ्यात वर खुशाल, मंग आमी, आन आमच्या खाली नऊ घरं. सगळ्यात शेवटी सत्यभामाकाकी. आपल्या बांधीत कोनी कोनाचं पानी अडवायचं नाही, ही बापजाद्यापासूनची रीत. भांडनं झाली, डोके फुटले, पन पानी कोनी अडवलं नाही.

ही सत्यभामाकाकी एकटी बाई. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. तोंडाची अशी फटकळ, का तिच्या घरावरून जातानी कुत्रंही शेपूट आत घेये. तीन वर्षांआधी तिच्या बैलानं माहे पऱ्हे, म्हनजे रोवन्यासाठी टाकलेली रोपं खाल्ली होती. मी तिच्या दारात जाऊन नाही नाही ते बोलली. तिनंही मले सोडलं नाही. तवापासून आमचं बोलनं बंद. विहिरीवर समोर आली तं मी घागर घेऊन उलटी फिरो.

बरं. धान लावला. मधुकरराव दर पंधरा दिवसांनी येत, पँट वर करून स्वतः चिखलात उतरत, खत कसं टाकायचं ते करून दाखवत. आन काय सांगू, धान असा आला का बस! दसऱ्याच्या दहा-बारा दिवसाआधी माही बांधी पिवळीजर्द झाली, लोंबा वाकून वाकून धुऱ्याले टेकल्या. सानगडीच्या बाजाराले जानारे लोक गाड्या थांबवून पाहात. खुशाल तोंड फिरवून जाये. मले तं जमिनीवर पाय ठेवासा वाटे ना.

मधुकरराव म्हनाले, "बाई, बांधी वाळू द्या आन आठ दिवसांत कापा." आन ते आपल्या दौऱ्यावर निंघून गेले.

त्याच वक्ताले खालच्या नऊ घरायचा भारी धान निसवत होता. पोटातली लोंब बाहेर येते त्याले निसवनं म्हनतेत. तवा पायात पानी नसलं तं दाना भरत नाही, नुसता पोचट कोंडा हाती येते. आन पावसाचं पानी पंधरा दिवसांपासून गायब. गावानं ठरवलं, सोमवारी सकाळी तलावाचं तुडूम उघडायचं. तुडूम म्हनजे तलावाच्या पाळीतलं, मातीच्या बांधातलं, पानी सोडायचं दार.

हे कानावर आलं आन मी धावतच बांधीवर गेली. पानी जानार कुठून? माह्या पिकलेल्या धानातून! पिकला धान पान्यात उभा राहिला तं आडवा होते, आन आडवा झाला तं लोंबीतच कोंब फुटतेत. आमी धानाचे दिवस बोटावर मोजले होते, पन पान्याची वाट कोनाच्याच ध्यानात आली नाही. मधुकरराव बाहेरचा मानूस, त्याले काय माहीत! पन मी? मी पंधरा वर्षांपासून त्याच चिखलात रोवना करत होती. अकलेले काय कुलूप लागलं होतं का माह्या? घरात कापनारे दोघंच. दीड एकर कापून उचलाले आठ दिवस तरी लागले असते.

सोमवारी पानी खुशालच्या बांधीत भरलं. मी फावडा घेतला, आमच्या धुऱ्याचं तोंड मातीनं पक्कं बुजवलं आन त्याच्यावरच बसून राहिली.

घटकाभरात सगळी ओळ जमा झाली. खुशाल म्हने, "वहिनी, माही बांधी फुगून राहिली, सोडा पानी." खालचा चंद्रभान तं थेट फावडा घेऊनच पुढं आला. "वहिनी, आमी नऊ घरं आहो. तुमच्या एका घरासाठी आमी कोंडा खायचा का?"

"मले मारा आन माह्या अंगावरून न्या पानी!" मी ओरडली. खरं सांगते, ते खरं बोलत होते हे मले समजत होतं. पन वर्षाचा तांदूळ डोळ्यासमोर जाऊन राहिला, तं समजूनही काय करता?

आमचे हे जवळ आले. हळूच म्हनाले, "पुष्पे, खालचेही भातच खातेत ना." मले रडू फुटलं, पन जाग्यावरून उठवे ना.

तवा धुऱ्या-धुऱ्यानं सत्यभामाकाकी येतानी दिसली. मी म्हटलं, झालं, आता ही माह्या सात पिढ्या उद्धारते. पन ती माह्याकडं पाहायलेही तयार नाही. सरळ माह्या बांधीत उतरली. एक लोंब हातात धरली, तळहातावर तोलली. एक दाना दाताखाली फोडून पाहिला. मंग दुसरी लोंब धरली.

"तुडूम बंद करा," ती म्हनाली.

चंद्रभान म्हने, "काकी, शुद्धीवर आहा का? तुमची बांधी शेवटची. पानी थांबलं तं पह्यले तुमचाच धान जाते."

"माही बांधी कुठं आहे ते मले तू नोको सांगू. घरी जाऊन विळा आन. दोन दिवसांत हा सगळा धान कापून पाळीवर न्या, मंग सोडा पानी. आन खुशाल, तू काय पाहातं तोंडाकडं? तुह्या बायकोलेही आन."

आन तिनं कमरेचा विळा काढून पह्यली मूठ स्वतः कापली.

त्या दोन दिवसांत माह्या बांधीत तीसेक विळे चालले. नऊ घरायचे बायका-मानसं, वरून खुशालच्या घरचे दोघं. चंद्रभानानं स्वतःची गाडी जुंपली. भारे बांधून तलावाच्या पाळीवर वाळाले घातले. मजुरीचा शब्द कोनी काढला नाही. खुशाल म्हने, "वहिनी, निदान भात तं पोटभर वाढान ना? का तोही शेतकी खात्याले दाखवूनच वाढान?" मी हसली, किती दिवसांनी हसली. मोठ्या गंजात भात आन अंबाडीची भाजी केली, आन वाढतानी एकेकाचं तोंड पाहून घेतलं. ह्या लोकायचं भलं कर रे देवा, एवढंच मनात येत होतं.

मंगळवारी दिवस बुडता तुडूम उघडलं. वरच्या बांध्या वाचल्या. पन पानी हळूहळू उतरते. सत्यभामाकाकीच्या बांधीत पोचाले शुक्रवार उजाडला. तिचा अर्धा धान पोचट गेला.

माह्या दीड एकरात सत्तावीस पोते झाले. त्यातले चार पोते गाडीत घालून मी तिच्या दारात गेली. तीन वर्षांनी त्या दारात पाय ठेवला. मी पोते उतरवाले लागली.

ती म्हनाली, "पोटापुरतं आहे मले. दान घ्याले बसली नाही मी. बियानं दे दहा पायल्या. माही बांधी शेवटची, दरसाल पानी पोचाच्या आधी तलाव खाली होते. लवकर पिकनारा धान मलेच पायजे होता, आन मी त्या चावडीवर हसत बसली होती."

पुढच्या साली आमच्या सगळ्या ओळीनं तोच धान लावला. खुशालनंही लावला, बोंबलत का होईना. सगळ्यायचं पानी एकाच वक्ताले लागलं, एकाच वक्ताले थांबलं, कोनाले कोनाच्या धुऱ्यावर बसा लागलं नाही. मधुकररावानं ते पाहिलं, आन मंग दुसऱ्या गावात गेले तं एका शेतकऱ्याले नाही, सगळ्या ओळीले बियानं द्याले लागले. गावोगावी एकरी अठरा पोते तिथून सुरू झाले. सत्यभामाकाकीची बांधी तं तिच्या जन्मात पह्यल्यांदा शेवटच्या कोपऱ्यापर्यंत भरली.

नवा तांदूळ घरात आला तवा तिनं आमाले दोघायले जेवाले बोलावलं. पानावर वाफेचा भात, वरून तूप. मी घास घेतला आन माह्यानं राहावलं नाही.

"काकी, त्या दिवशी तुमी आल्या नसत्या तं आमच्या घरात चूल पेटली नसती. तुमचे उपकार मी या जन्मात विसरनार नाही."

तिनं माह्या पानावर आनखी भात टाकला. "उपकार कायचे डोंबलाचे! मी फावडा घेऊनच आली होती, पोरी. तुहा धुरा फोडाले. येतानी तुह्या लोंबा पाहिल्या आन फावडा तिकडंच मोहाच्या झाडाच्या बुडाशी टेकवून दिला."

"काहून?"

"तुले शिव्या घालाले काही वाटत नव्हतं मले. पन एवढा भरलेला धान! तो पान्यात घालाले हातच होये ना."

मी पानावरूनच उठली आन तिच्या पायावर डोकं ठेवलं. माह्या डोळ्यांतलं पानी थांबे ना. आमचे हे घास हातात घेऊन तसेच बसले होते, त्यायचेही डोळे भरले होते.

काकीनं माह्या पाठीवर एक जोरात थापटी मारली. "उठ. उष्ट्या हातानं पाया पडतेत का कोनी? भात थंडा होऊन राहिला, जेव पह्यले."