कडूच्या हातची बादली

गणपतीच्या भंडाऱ्यात वाढप्याचा मान मोठा. कागद मिलच्या कॉलनीत वरणाची बादली वर्षानुवर्षं कडू फिटरच्या हातात असायची. दोन वर्षांपूर्वी भर पंगतीत मिलमधल्याच बाबुरावांनी ती हिसकावून घेतली. कडूच्या मोडलेल्या नडगीत डॉक्टरांनी काहीतरी भरलं होतं, आणि ते मढ्याचं हाड आहे, असं बाबुरावांनी कुठूनसं ऐकलं होतं. ऐकलेलं पारखून घ्यायची त्यांना सवय नव्हती. चारचौघांत सांगायची मात्र भारी हौस! कडूने बादली सोडली. हात धुऊन घरी गेला. त्यानंतर त्याला कुणी वाढायला बोलावलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात शाहपूरच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकने बाबुरावांची मोटारसायकल उडवली. नडगीचा तुकडाच गेला. सात महिने झाले तरी हाड जुळेना. पाय राहतो की जातो, अशी वेळ आली. डॉक्टर चारुलतांनी समजावलं, की मधल्या फटीत कारखान्यात बनवलेले हाडासारखे बारीक खडे भरू आणि त्यांत तुमच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या मूळ पेशी मिसळू. स्लॅबला सेंट्रिंग लावतात तसा त्या खड्यांचा आधार. त्यावर तुमचं स्वतःचं हाड हळूहळू धरेल. शंभर टक्के खात्री नाही, पण आशा चांगली आहे.

बाबुरावांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? मढ्याचं तर नाही ना! डॉक्टर हसल्या. इंदुबाई हसल्या नाहीत.

"कडूभाऊच्या पायात हेच हाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्याच्या बायकोनं मले तवाच सांगतलं होतं. तुमी ऐकाले तयार नव्हते."

"मले वाटलं, मढ्याचं..." बाबुराव पुटपुटले.

"आन असतं, तं? जाता जाता कोनी आपलं हाड देऊन गेला, तं त्याले हात जोडाचे का दुसऱ्याच्या हातची बाल्टी हिसकाची? जिंदगीभर लोकायच्या रद्दीचा कागद बनवला तुमी. कोनाच्या घरची रद्दी, कधी पूछलं?"

बाबुरावांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

ऑपरेशन झालं, हाड धरलं. काठी टेकत ते कडूच्या दारात गेले. माफीचे शब्द जुळवत होते, तर कडूनेच आधी विचारलं, पाय कसा आहे. बाबुरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडूने माफ केलं, पण वाढायला यायला तो तयार होईना. पंगतीतून लोक उठतील, म्हणाला. हा आपलाच प्रताप, हे बाबुरावांना कळलं.

भंडाऱ्याच्या दिवशी कडू पंगतीच्या टोकाला जेवायला बसला होता. बाबुराव बादली घेऊन लंगडत त्याच्यापुढे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"याच्या पायात जे हाय, तेच आता माह्या पायात हाय. मढ्याचं नाही. आन असतं, तरी मी केलं ते पापच होतं. कोनाले उठाचं असंन, तं उठा."

दोघं उठले. बाकीचे बसून राहिले. म्हाताऱ्या धुरपदाबाईंनी आपला द्रोण कडूपुढे केला, आणि कडूने बादली हातात घेतली.

वाचकहो, बाबुरावांचं हाड भरून आलं. कडूची दोन वर्षं कोण भरून देणार? न कळलेल्या इलाजाला नावं ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि चारचौघांत केलेला अपमान एकांतातल्या माफीने फिटत नाही. तो चारचौघांतच परत घ्यावा लागतो.