निखाऱ्याचा कोळसा

मनोरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्वालाबाबांनी एमआरआयच्या दोन फिल्म ट्यूबलाइटसमोर धरल्या.

"अकरा दिवसांपूर्वी बुधीमाईच्या लिव्हरमध्ये हा पांढरा निखारा होता. माझ्या धुनीजवळ ठेवलेल्या पाकिटात आज ही नवी फिल्म प्रकटली. बघा, निखाऱ्याचा कोळसा!"

मांडव जयजयकाराने दणाणला. बुधीचा नवरा जिवल्या डोळे पुसत म्हणाला, "मंग उद्या पालघरला दवाखान्यात नाय जायचा?"

"कोळशाला औषध कशाला रे?"

मागे उभी असलेली ज्ञानेश्वरी हे ऐकत होती. तिच्या अण्णांनाही, बोईसरच्या कारखान्यात तीस वर्षं राबलेल्या चंद्रभानना, बाबांनी हेच ऐकवलं होतं. अण्णांनी गाठीवरचे उपचार थांबवले. चार महिन्यांत ते गेले.

ती पुढे आली. "जिवल्याकाका, पाकीट कुणी उघडलं होतं?"

"बाबांनीच. दवाखान्यातून बंदच आनला होता, आमी कशाला हात लावू?"

"पोरी," बाबा हसले, "बापाची श्रद्धा कमी पडली, त्याचा राग इथे काढतेस?"

लोकही हसले. तिने दोन्ही फिल्म ओढून घेतल्या आणि कडेला कड लावली. कात्रीचा वाकडा काप बरोबर जुळला.

"काका, कोपऱ्यातली तारीख आणि वेळ वाचा."

वीटभट्टीवर गाड्या मोजणाऱ्या जिवल्याचे आकडे पक्के होते. "तीन तारीख, अकरा वीस." मग दुसरा तुकडा. तो थबकला. "यावर पन तेच हाय."

"कारण फिल्म एकच होती. गाठीत पेशी दाटीवाटीने असतात, तिथल्या पाण्याला हलायला जागा नसते. एका चित्रात ती जागा पांढरी दिसते, त्याच तपासणीच्या दुसऱ्या चित्रात काळी. दोन्हीकडे पांढरी असती, तर नुसतं पाणी साचलंय असंही म्हणता आलं असतं. हा काळा डागच धोक्याचा आहे. मला हे डॉक्टरांनी दाखवलं, अण्णा गेल्यावर."

बाबा धुनीत तूप ओतत मोठमोठ्याने मंत्र म्हणू लागले. तरी दर्शनाच्या रांगेतले निम्मे लोक जागचे हलले नाहीत. तिला ओरडावंसं वाटलं.

जिवल्याशेजारी बसलेली बुधी उठली. "म्हंजे गाठ हाय अजून?"

"आहे, मावशी."

"मंग उद्या जायाचा," ती नवऱ्याला म्हणाली.

ज्ञानेश्वरी रांगेकडे वळली. "देव माना, नवस बोला. पण पाकीट डॉक्टरांसमोरच उघडा आणि कळलं नाही तर चारदा विचारा. मी विचारलं नव्हतं."